चौतीस वर्षं कागदावर राहिलेली सिंफनी

मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात साधारण अकराशे खुर्च्या आहेत. हॅवरगल ब्रायन या इंग्लिश संगीतकाराची ‘गॉथिक’ सिंफनी (सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी अनेक विभागांत लिहिलेली रचना) तिथे करायची, आणि त्याने लिहिलीय तशी तंतोतंत करायची असं कुणी मनावर घेतलं, तर वादक आणि गायक मिळूनच त्या बहुतेक खुर्च्या भरून टाकतील. श्रोत्यांची सोय मंचावर करावी लागेल.

प्रकरण असं आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या एका कष्टकरी घरातल्या माणसाने १९१९ मध्ये एक सिंफनी लिहायला घेतली. १९२७ मध्ये ती संपली. १९३२ मध्ये छापूनही आली. आणि वाजली कधी? तर २४ जून १९६१ला. लिहून झाली तेव्हा तो ५१ वर्षांचा होता, वाजली तेव्हा ८५. मधल्या काळात जग एका महायुद्धातून गेलं, दूरचित्रवाणी आली, लाँगप्ले तबकड्या आल्या, आणि ही सिंफनी कागदावरच होती.

आपल्या कानांना हे पटकन पचत नाही. आपल्याकडे बंदिश कुणीतरी गातं म्हणून ती असते. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी लिपीत उतरवल्या, पण त्या आधी कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात होत्याच. गळ्यातलं कागदावर आलं. युरोपीय परंपरेत वाट उलटी आहे: आधी कागद, मग आवाज. आणि कागद ते आवाज या वाटेवर हॉलचं भाडं, वादकांची बिदागी, तालमींच्या तारखा, गायकवृंदांचे सेक्रेटरी आणि कुणाची तरी मर्जी अशी सगळी नाकी लागतात. ‘गॉथिक’ या नाक्यांवर अडली. कुठे अडली, कुणी सोडवली, आणि सुटल्यावर तिचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

चिनीमातीच्या मुलखातला माणूस

विल्यम ब्रायनचा जन्म २९ जानेवारी १८७६चा. गावाचं नाव ड्रेस्डेन, पण जर्मनीतलं नव्हे. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरात चिनीमातीची भांडी बनवणाऱ्या गावांची एक रांगच आहे, त्यातलं हे एक. आईवडील त्याच धंद्यातले मजूर. शाळा बाराव्या वर्षी सुटली. ‘हॅवरगल’ हे नाव त्याने स्वतःच पुढे घेतलं, स्तोत्रं रचणाऱ्या एका प्रसिद्ध घराण्यावरून.

या भागाचं एक वैशिष्ट्य लक्षात घेतल्याशिवाय ‘गॉथिक’चा आकार समजत नाही. इथल्या कामगार वस्त्यांमध्ये शेकडो माणसांचे गायकवृंद होते. दिवसभर भट्टीवर राबलेली माणसं संध्याकाळी हॅन्डेलची ऑरेटोरिओ, म्हणजे धार्मिक कथांवरची लांबलचक गायनं, बसवायची. एल्गार या इंग्लिश संगीतकाराच्या ‘किंग ओलाफ’ या गायनरचनेचा पहिला प्रयोग लंडनमध्ये झाला नाही, तो इथल्या हॅन्लीमध्ये, ३० ऑक्टोबर १८९६ला झाला. विशीतल्या ब्रायनने ते संगीत ऐकलं आणि आपल्या रचना एल्गारकडे सल्ल्यासाठी पाठवल्या. पुढे हजारभर माणसांसाठी लिहिताना त्याच्या डोक्यात हीच माणसं असणार असं मला वाटतं. ज्याने लहानपणी चारशे कामगारांना एका दमात गाताना ऐकलंय, त्याला हजार हा आकडा वेडगळ वाटत नाही.

सुरुवात बरी झाली. १९०७ मध्ये वाद्यवृंदाचा संचालक हेन्री वुड याने लंडनच्या प्रॉम्स या मैफलमालेत त्याची रचना वाजवली. त्याच सुमारास हर्बर्ट मिन्टन रॉबिन्सन हा स्टॅफर्डशायरमधलाच धनिक त्याला वर्षाला ५०० पौंड देऊ लागला, बाकी काही न करता फक्त संगीत लिहावं म्हणून. त्या काळात ही रक्कम घसघशीत होती. मग घरी कामाला असलेल्या तरुणीशी संबंध जुळले, १९१३ मध्ये संसार मोडला आणि ब्रायन लंडनला निघून गेला. रॉबिन्सनला हे रुचलं नाही. त्याने पैसे बंद केले नाहीत, पण त्यातला मोठा वाटा आता मागे राहिलेल्या बायकोकडे जाऊ लागला. त्यानंतरचा ब्रायन म्हणजे दुसऱ्यांची स्वरलिपी उतरवून देणारा, मासिकात लिहिणारा, मोठं कुटुंब ओढणारा माणूस. याच ओढाताणीत, चाळिशी ओलांडल्यावर, त्याने ‘गॉथिक’ला हात घातला. हातात ना संस्था, ना पदवी, ना वाद्यवृंद. कुणी मागितली नव्हती, कुणी पैसे देणार नव्हतं.

इथे एक गंमत सांगायला हवी. जिला आज आपण त्याची पहिली सिंफनी म्हणतो, ती त्याच्या मूळ हिशेबात दुसरी होती. १९०७-०८ मध्ये त्याने एक ‘फँटास्टिक सिंफनी’ लिहिली होती, ती पुढे मोडून तिचे तुकडे वेगळे केले. १९६७ मध्ये, नव्वदी उलटल्यावर, त्याने सगळ्या सिंफन्यांचे क्रमांक नव्याने लावले आणि ‘गॉथिक’ पहिली ठरली. म्हणजे वाजायला चौतीस वर्षं, आणि ‘पहिली’ व्हायला चाळीस.

कागदावर नेमकं काय होतं

सिंफनीचे दोन भाग. पहिल्यात फक्त वाद्यवृंद, तीन विभागांत. दुसऱ्यात ‘ते देउम’ हे जुनं लॅटिन स्तोत्र, पुन्हा तीन विभागांत, चार एकल गायक, मोठमोठे गायकवृंद आणि मुलांचा वेगळा वृंद यांच्यासह. एकूण वेळ पावणेदोन तासांच्या आसपास. नुसती लाकडी फुंकवाद्यं ३२. त्यात ओबो दामोरे, बॅसेट हॉर्न, बेस ओबो अशी मंडळी, जी नेहमीच्या वाद्यवृंदात शोधूनही सापडायची नाहीत. मुख्य वाद्यवृंदापासून अलग बसवलेले पितळी वाद्यांचे चार जथे. ऑर्गन. तालवाद्यांमध्ये ढगांच्या गडगडाटाचं यंत्र आणि शेतातली पाखरं हाकलायचं खुळखुळणारं अवजारसुद्धा.

याद्या वाचून माणूस हसतो, आणि हसून पुढे जातो. ‘गॉथिक’च्या बाबतीत हेच झालं. स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकत्र असलेली स्वरलिपी, उघडून बघणाऱ्यापेक्षा वादकांची यादी वाचून बंद करणारे जास्त. पण पहिला भाग पुष्कळ आवळलेला आहे. सुरुवात डी मायनर या स्वरपट्टीत, टिंपनी या नगाऱ्याच्या आघाताने, रागीट. थोड्याच वेळात एकटं व्हायोलिन पुढे येतं आणि दूरच्याच एका स्वरस्थानात हळुवार काही म्हणतं. दोन्हींची गाठ पडत नाही, आणि ही न पडलेली गाठच तो विभाग चालवते. दुसरा विभाग मंद, पाच मात्रांच्या जड पावलांचा. तिसऱ्यात झायलोफोनचं ते कुप्रसिद्ध एकल वादन आहे. सगळा वाद्यवृंद गर्जतोय आणि मधे लाकडी पट्ट्यांवर कुणीतरी झपाटल्यासारखं टकटकतंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये काही बिघाड आहे असं वाटून मागे जाऊन परत लावलं.

दुसऱ्या भागाबद्दल माझं मत थोडं राखून आहे. तिथे प्रसंगामागून प्रसंग येतात: मध्ययुगीन वाटणारं गायन, मग एकदम क्लॅरिनेटांच्या जथ्याची उनाड मार्चची धून, आणि तिच्यावर गायकवृंद शब्द सोडून चक्क ‘ला ला’ करत निघालेला. उंच उंच कमानींच्या देवळात फिरताना एका खांबावर संत आणि शेजारच्यावर वेडावणारं माकड कोरलेलं दिसावं, तसं. गॉथिक हे नाव शोभतं, पण पावणेदोन तासांच्या शेवटच्या तासात काही जागी धागा हातातून सुटतो. या भागातल्या मधल्या, ‘युदेक्स’ विभागाच्या आरंभी वाद्यांची काडीचीही साथ नसताना गायकांना एकमेकांत घुसणारे स्वरपुंज धरायचे असतात. हे गायकांवर टाकलेलं ओझं ब्रायनला तेव्हाच कुणी गाऊन दाखवलं असतं, तर त्याने ते थोडं हलकं केलं असतं का, ही शंका माझ्या मनातून जात नाही. ज्याचं लिहिलेलं कधी वाजतच नाही, त्याला सुधारणार कोण?

शेवट मात्र जगावेगळा. एवढा पसारा मांडल्यावर कुणीही दणक्यात संपवलं असतं. एक प्रचंड स्फोट होतोही. पण नंतर सगळी वाद्यं थांबतात आणि गायकवृंद एकटाच, अगदी हळू, स्तोत्राची शेवटची ओळ म्हणतो: मला कधी लज्जित होऊ देऊ नकोस. आरंभ डी मायनरचा, पण हा शेवट ई मेजरमध्ये, म्हणजे घरी न परतता भलत्याच गावी मुक्काम.

सिंफनी जर्मन संगीतकार रिचर्ड स्ट्राउसला अर्पण केलेली आहे. छापील प्रत पोचल्यावर स्ट्राउसने उत्तर पाठवलं आणि तिला ‘भव्य’ म्हटलं. पत्र आलं, पण प्रयोग काही झाला नाही.

अडली कुठे

सोपं उत्तर असं की एवढी माणसं गोळा करणं अशक्य होतं. ते खरं नाही. ऑस्ट्रियन संगीतकार माहलरच्या आठव्या सिंफनीलाही शेकडो माणसं लागतात, आणि तिचा ब्रिटनमधला पहिला प्रयोग हेन्री वुडने १९३० मध्ये क्वीन्स हॉलमध्ये केला होता, ‘गॉथिक’ छापून येण्याच्या दोनच वर्षं आधी. इच्छा असेल तिथे माणसं जमत होती.

मला तीन गोष्टी दिसतात. एक, वेळ चुकली. पहिल्या महायुद्धाआधी अवाढव्य वाद्यवृंद ही फॅशन होती. १९२७ पर्यंत वारा फिरला होता. नवं संगीत म्हणजे मोजके वादक, कोरडा विनोद, जाझची चाहूल. त्यात १९२९ नंतरची मंदी. त्या हवेत ‘गॉथिक’ म्हणजे पाचवारी साड्यांचा जमाना असताना कुणी नऊवारीचं ठाण घेऊन बाजारात बसावं, असं झालं.

दोन, माहलरचं नाव होतं, ब्रायनचं नव्हतं. आठवी सिंफनी करणाऱ्याला माहीत असतं की आधीच्या सात आहेत, त्या वाजल्यात, लोक येतील. अनोळखी माणसाची पहिलीच सिंफनी एवढ्या खर्चाने करायची तर कुणाची तरी नोकरी पणाला लागते. ब्रायनने १९२८ मध्ये शूबर्ट स्मृतिशताब्दीनिमित्त कोलंबिया कंपनीने घेतलेल्या स्पर्धेत पहिला भाग पाठवलाही होता. मोठं बक्षीस स्वीडनच्या अटरबर्गला गेलं.

तिसरी गोष्ट थोडी बोचरी आहे. १९२७ ते १९४० ब्रायन ‘म्युझिकल ओपिनियन’ या मासिकाचा सहसंपादक होता. दुसऱ्यांच्या मैफलींवर उदारपणे लिहायचा, आपल्या रचनांसाठी दारं ठोठावायचं काम मात्र त्याला जमलं नाही. युद्धकाळात सरकारी खात्यात कारकुनी केली. निवृत्त झाला आणि लिहीतच राहिला. दुसरी ते पाचवी युद्धाआधीच लिहून झाल्या होत्या, निवृत्तीनंतर सहावीपासून पुढच्या. तोवर एकही वाजली नाही.

त्याच काळात इंग्लंडमध्ये कैखुश्रू सोराबजी हा संगीतकार राहत होता. वडील मुंबईचे पारशी अभियंता. त्याच्या रचनाही अशाच अवाढव्य, तासन्‌तास चालणाऱ्या. त्याने उलट स्वतःच आपलं संगीत जाहीरपणे वाजवू नये असा दंडक घातला, आणि तो कित्येक दशकं टिकला. सोराबजीने दार आतून लावून घेतलं होतं. ब्रायनच्या दाराला बाहेरून कडी होती.

कडी काढणारे

रॉबर्ट सिम्सन १९५१ मध्ये बीबीसीत निर्माता म्हणून लागला. तिशीतला, स्वतः सिंफनीकार, त्याची स्वतःची पहिली सिंफनी नुकतीच लिहून झालेली. त्याच्या हाती ब्रायनच्या आठव्या सिंफनीची प्रत आली. त्याला ती आवडली. एवढंच झालं, पण तो आत बसलेला माणूस होता. १ फेब्रुवारी १९५४ला संचालक एड्रियन बोल्टने लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह ती बीबीसी रेडिओसाठी वाजवली. तेव्हा ब्रायन ७८ वर्षांचा होता आणि आपली कुठलीही सिंफनी तो पहिल्यांदाच ऐकत होता.

पुढचं जे झालं त्याला मानसशास्त्राचा अभ्यासक काय म्हणेल ते म्हणो. माणसाला ऐंशीनंतर लिहिण्याचं भरतं आलं. एकूण ३२ सिंफन्यांपैकी वीसेक त्याने वयाच्या ऐंशीनंतर लिहिल्या. आणि त्या ‘गॉथिक’सारख्या पसरट नाहीत: आटोपशीर, तुटक, कधी पंधरा-वीस मिनिटांत संपणाऱ्या. ऐकायला मिळाल्यावर लेखणी आखडली, असं मी यावरून म्हणणार नाही. शैली त्याआधीच बदलू लागली होती. पण वेग नक्कीच ऐकण्याने आला.

तरी ‘गॉथिक’ला बीबीसीच्या वाद्यवृंदाने पहिला हात लावला नाही. तो लावला ब्रायन फेअरफॅक्स नावाच्या संचालकाने, बहुतांश हौशी वादक-गायक घेऊन. याच माणसाने त्याच वर्षी माहलरची तिसरी सिंफनी ब्रिटनमध्ये जाहीर मैफलीत पहिल्यांदा सादर केली होती, म्हणजे अवघड डोंगर शोधून चढायची त्याला सवयच. २४ जून १९६१, शनिवार, वेस्टमिन्स्टरचा सेंट्रल हॉल. हा मूळचा मेथडिस्ट पंथाचा सभामंडप, ऑर्गन असलेला.

हौशी लोकांच्या हातून असा प्रयोग कसा होत असेल याची कल्पना आपल्याला करता येते; राज्यनाट्य स्पर्धेत उतरलेल्या कुठल्याही संस्थेच्या माणसाला विचारा. स्कोअर छापला म्हणजे संपलं असं नसतं. प्रत्येक वादकाला त्याच्या एकट्याच्या ओळीचे वेगळे कागद लागतात, ते तपासावे लागतात. दुर्मीळ वाद्यं कुठून तरी मिळवायची, नाही मिळाली तर जवळच्या वाद्यावर भागवायचं. वेगवेगळे गायकवृंद वेगवेगळ्या ठिकाणी तालीम करणार आणि शेवटी एकत्र आल्यावर कळणार की एकाचा ‘सा’ दुसऱ्याच्या ‘सा’शी जुळत नाही. तो प्रयोग निर्दोष असणं शक्यच नव्हतं. पण तो झाला, आणि झाल्यामुळे ‘हे होऊच शकत नाही’ ही सबब संपली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला निर्णायक दिवस हाच, पाच वर्षांनंतरचा गाजलेला दिवस नव्हे.

तो गाजलेला दिवस म्हणजे ३० ऑक्टोबर १९६६, रविवार. रॉयल अल्बर्ट हॉल, बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा, आणि संचालक ७७ वर्षांचा बोल्ट. १९३० मध्ये हाच वाद्यवृंद उभा करणारा, आणि १९५० मध्ये वयाचं कारण दाखवून ज्याला बीबीसीने निवृत्त केलं होतं तो. कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित झाला. नव्वद वर्षांचा ब्रायन सभागृहात होता. शेवटची कुजबुज विरल्यावर त्याला पुढे आणलं गेलं. हॅन्लीत ‘किंग ओलाफ’ पहिल्यांदा झालं त्या तारखेला त्या दिवशी बरोबर सत्तर वर्षं पूर्ण होत होती. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सोडवत नाही.

सुटल्यावर

प्रसिद्धी मिळाली, पण कसली? गिनेस बुकात सर्वात मोठी सिंफनी म्हणून नोंद झाली, आणि पुढची कैक वर्षं लोक तिच्याकडे सर्वात लांब मिशीच्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिले. आकार हीच बातमी झाली. व्यावसायिक वाद्यवृंदांनी तिला नेहमीच्या कार्यक्रमात कधीच घेतलं नाही. प्रत्येक प्रयोग एक वेगळी मोहीम ठरला. स्टुडिओतलं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण १९८९ मध्ये झालं, तेही लंडनमध्ये नाही, ब्रातिस्लाव्हात, ऑन्द्रेय लेनार्डच्या हाताखाली. १७ जुलै २०११ला प्रॉम्समध्ये मार्टिन ब्रॅबिन्सने ती केली तेव्हा दोन वाद्यवृंद आणि गायक मिळून हजाराच्या आसपास माणसं अल्बर्ट हॉलमध्ये मावली. नव्याने ऐकायची असेल तर त्या रात्रीचं मुद्रण घ्यावं. बोल्टचं १९६६चं मुद्रणही पुढे अधिकृतपणे निघालं. त्यात चुका आहेत, खोकले आहेत, आणि एक असोशी आहे जी नंतरच्या कुठल्याच प्रयोगात मला सापडली नाही.

ब्रायन बोल्टच्या प्रयोगानंतर शोरहॅमच्या घरी परतला आणि पुन्हा टेबलाशी बसला. बत्तिसावी सिंफनी त्याने १९६८ मध्ये, ९२व्या वर्षी संपवली.

त्याच्या संगीताची बाजारात येणारी पहिली तबकडी काढली ती शाळकरी मुलांनी. लेस्टरशायरच्या शाळांच्या वाद्यवृंदाने १९७२च्या उन्हाळ्यात त्याची दहावी आणि एकविसावी सिंफनी ध्वनिमुद्रित केली. बहुतेक वादकांना अजून दाढी यायची होती. ब्रायन त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला वारला. तबकडी १९७३ मध्ये दुकानात आली.